निळ्या शर्टाला आशीर्वाद

नाताळच्या दुपारी पिदो आजोबांच्या दारात आला, खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि नेहमीसारखं म्हणाला, "आशीर्वाद, पापा."

पापा तेओ ओसरीवर झुलत्या खुर्चीत बसले होते. त्यांनी पाय टेकवून खुर्ची थांबवली, नातवाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "जेवायला बस. भात निवतोय."

आत स्वयंपाकघरात एदुविहिसच्या हातातली पळी तशीच राहिली. मुलगा आला हे तिला आवाजावरून कळलं होतं. आता आपल्या बापाचं उत्तर ऐकू येईल म्हणून ती कान देऊन उभी होती, आणि आलं ते हे.

सान पेद्रो गावात माणूस घरात शिरताना आशीर्वाद मागतो, निघतानाही मागतो. थोरल्याने 'देव तुझं भलं करो, पोरा' म्हणायचं. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. समोरचा शिंकला की आपण जसं काहीतरी पुटपुटतो, तसं ते तोंडातून निघतं. भांडण असो, अबोला असो, वाटणीवरून भाऊ भावाच्या जिवावर उठलेला असो, आशीर्वादाला उत्तर मिळायचंच. पापा तेओंचा मुलगा ओक्तावियो लग्नानंतर राजधानीत राहायला गेला आणि पहिल्याच नाताळला तिथल्या संघाची निळी टोपी घालून आला, तेव्हासुद्धा पापा तेओंनी तोंड उघडलं होतं. फक्त 'देव तुझं भलं करो' ऐवजी ते 'देव तुला क्षमा करो' म्हणाले होते. आजही तेच म्हणतात. ओक्तावियोला आता त्याची सवय झाली होती.

पण पिदोला तेवढंही मिळालं नाही.

कारण त्या पिशवीत होतं. तीन दिवसांपूर्वी सान पेद्रोच्या हिरव्या बेसबॉल संघाने पिदोला राजधानीच्या निळ्या संघाला देऊन टाकलं होतं. बदल्यात एक कॅचर, म्हणजे बॅटरमागे चेंडू झेलणारा, घेतला, तोही गुडघे दुखणारा. आणि निळ्यांनी लगेच जाहीर केलं की उद्या रविवारी, सान पेद्रोच्याच मैदानावर, हिरव्यांविरुद्ध पहिला चेंडू पिदो टाकणार.

"पापा, ऐकू आलं नाही का तुम्हाला?" एदुविहिस पळी घेऊनच बाहेर आली. "तो आशीर्वाद मागतोय."

"मला साखर कारखान्याच्या भोंग्याने बहिरं केलं नाही अजून. ऐकू आलं."

"मग?"

"मग भात निवतोय."

पिदो हसला. त्याने वाकून आजोबांच्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि आत गेला. पण जाताना त्याने पिशवी हातात घेतली नाही. ती दारातच राहिली, निळा पट्टा बाहेर लोंबत होता. पापा तेओ तिच्याकडे दारात आलेल्या वसुलीच्या माणसाकडे बघावं तसे बघत बसले.

जेवायला सगळे होते. ओक्तावियो आणि त्याची बायको नोएमी सकाळीच राजधानीहून आली होती. टेबलाच्या टोकाला अर्सेनिया आत्या, म्हणजे पापा तेओंची थोरली बहीण. तिला एका कानाने कमी ऐकू यायचं, आणि कोणत्या कानाने ते ती सोयीप्रमाणे ठरवायची. डुकराचं भाजलेलं मांस, नारळाच्या दुधात शिजवलेला तुरीच्या ओल्या दाण्यांचा भात, मांस भरून केळीच्या पानात उकडलेले पास्तेलेस, आणि आत्याने स्वतः घातलेली ग्वावाबेरीची दारू. बाहेर रस्त्यावर मोरपिसं लावलेल्या नाचणाऱ्यांचा ढोल वाजत होता. सगळं दरवर्षीसारखं होतं, आणि कुणाच्याही घशाखाली घास नीट उतरत नव्हता.

ओक्तावियोला मात्र उतरत होता. चौदा वर्षं या टेबलावर तो एकटा निळा होता. आज त्याला सोबती मिळाला होता.

"मी काय म्हणतो," त्याने खुर्चीखालून एक पुडकं काढलं, "सगळ्यांसाठी टोप्या आणल्यात. उद्या घालायला. आता घरचाच मुलगा म्हटल्यावर..."

"ओक्तावियो," एदुविहिस म्हणाली, "त्या टोप्या परत खुर्चीखाली घाल. नाहीतर मी त्यात वांगी ठेवीन."

"अगं, तुझ्याच मुलासाठी बोलतोय मी."

"माझ्या मुलासाठी बोलायचं असेल तर गप्प बस."

नोएमीने नवऱ्याला टेबलाखालून पाय मारला असावा, कारण पुडकं नाहीसं झालं. मग विषय बदलावा म्हणून तिने पिदोला विचारलं, "तिकडे अमेरिकेत नाताळला काय खातात रे?"

"नाताळला मी तिकडे नसतोच, मामी. तिकडचे आमचे सामने सगळे उन्हाळ्यात." पिदोने पास्तेलची दोरी सोडली. "पण उन्हाळ्यात मका खातात. दुसऱ्या वर्षी मला आयोवात टाकलं होतं ना, तिथे एका म्हाताऱ्या जोडप्याकडे राहायला ठेवलं होतं. सकाळी मका, रात्री मका. मैदानाच्या कुंपणापलीकडेही मकाच. कुणी लांब मारला की चेंडू मक्यात जायचा आणि म्हातारा म्हणायचा, सुगीला सापडेल."

"आणि त्यांचं बोलणं कळायचं तुला?"

"मला कळायचं. माझं त्यांना कळायचं नाही. मला इंग्रजी कुणी शिकवलं? पापांनी. कशावरून? बायबलवरून." त्याने तिरक्या नजरेने आजोबांकडे पाहिलं. "एकदा पंचाने माझा सरळ मधून गेलेला चेंडू वाईट ठरवला. मी पुढे गेलो आणि म्हणालो, हे मनुष्या, तुझे नेत्र उघड. पंचाने टोपी काढली. त्याला वाटलं मी धर्मोपदेशक आहे. सामना संपल्यावर म्हणाला, माझ्या मुलीचं लग्न लावशील का."

अर्सेनिया आत्या खो खो हसली. पापा तेओंनी पेला तोंडाला लावला आणि तो बराच वेळ खाली ठेवला नाही. एदुविहिसला पेल्याच्या काचेतून दिसलं, ओठ हसू दाबत होते.

पापा तेओंचे वडील इंग्रजी बोलणाऱ्या नेव्हिस बेटावरून इथे ऊस तोडायला आले तेव्हा गाठोड्यात एक बायबल आणि एक क्रिकेटची बॅट होती. पापा तेओंनी बायबल ठेवलं आणि बॅट सोडली. ते कारखान्याच्या संघातून बेसबॉल खेळले, चेंडू टाकणारा पिचर म्हणून, आणि पुढे साऱ्या आयुष्यात दोनच गोष्टींवर त्यांनी श्रद्धा ठेवली. त्यातली एक दर रविवारी सकाळी असायची, दुसरी दर रविवारी संध्याकाळी.

"आणि आता?" नोएमीने विचारलं. "तिकडच्या मोठ्या संघात जायच्या कुठल्या पायरीवर आहेस?"

पिदोने पास्तेलचं पान दुमडलं. "वरून तिसऱ्या. टेनेसीत. सात वर्षं झाली, मामी. माझ्याबरोबरचे दोघं वर गेले, बाकीचे घरी गेले. तिकडे मॅनेजरने आत बोलावलं आणि 'दार लावून घे' म्हणाला, की समजायचं, सामान बांधा. ऑगस्टमध्ये मला म्हणाला."

ही गोष्ट एदुविहिसला माहीत होती. बाकीच्यांना नव्हती.

"मी दार लावलं. तो म्हणाला, तुझ्यात काहीतरी आहे, पण काय ते आम्हाला अजून दिसत नाही. या हिवाळ्यात घरी जाऊन खेळ. आमचा माणूस येऊन बघेल. दिसलं तर फेब्रुवारीत ये. नाही दिसलं तर तिकिटाचा त्रास घेऊ नकोस."

"आणि हिरव्यांनी तुला दोन हिवाळे काय करायला लावलं?" ओक्तावियो म्हणाला. "दुसऱ्यांच्या सरावासाठी चेंडू टाकायला. एक डाव दिला नाही. निळ्यांनी घेतला आणि लगेच मैदान दिलं. आता सांगा, पापा, कुणाचं चुकलं?"

पापा तेओंनी पेला खाली ठेवला. "कुणाचं चुकलं हे मी म्हणतोय का? मुलगा कामाला जातोय. जाऊ दे. चांगलं काम करू दे. पण त्याचं काम काय आहे उद्या? आमच्या पोरांना बाद करणं. पंचवीस वर्षं मी देवाकडे एकच गोष्ट मागतोय, हिरव्यांना कप मिळू दे. आणि उद्या सकाळी उठून त्यालाच सांगू, देवा, हिरव्यांना बाद करणाऱ्याचं भलं कर? तो काय म्हणेल? म्हणेल, हा म्हातारा भ्रमिष्ट झाला."

"तेओ," अर्सेनिया आत्या म्हणाली, "देव तुझं एवढं ऐकत असता तर हिरव्यांनी एव्हाना एखादा तरी कप आणला असता."

"म्हणूनच. तो कधी ऐकेल सांगता येत नाही. उद्याच ऐकलं म्हणजे?"

"नुसतं तोंडाने म्हणा की, पापा," एदुविहिस म्हणाली.

"आशीर्वाद नुसत्या तोंडाने देत नाहीत, एदुविहिस. तो पावतो."

ओक्तावियोने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण नोएमीच आधी बोलली. नोएमी राजधानीची, जन्मापासून निळी, या घरात तिच्याबद्दल चांगलं बोलायची पद्धत नव्हती.

"त्यांचं बरोबर आहे," ती म्हणाली. "माझ्या वडिलांनीही दिला नसता. माझा भाऊ हिरव्यांकडून खेळला असता तर आमच्या पप्पांनी त्याला जेवायलाही बोलावलं नसतं. यांनी निदान भात वाढला."

पापा तेओंनी चौदा वर्षांत पहिल्यांदा सुनेकडे नीट पाहिलं. मग मांसाचं ताट तिच्याकडे सरकवलं. "हा तुकडा घे. कुरकुरीत आहे."

ओक्तावियोच्या चेहऱ्यावरून असं वाटलं, की घरातली खुर्ची न खुर्ची कुणीतरी हलवून ठेवली आहे.

जेवणानंतर एदुविहिसला पिदो मागच्या अंगणात सापडला. हातात एक लिंबू घेऊन तो बोटांत फिरवत बसला होता.

"तू मनाला लावून घेऊ नकोस," ती म्हणाली. "मी देते ना आशीर्वाद. आत्या देईल. ओक्तावियोमामाने तर टोप्यासुद्धा आणल्यात."

"तुझा आहेच, आई." तो लिंबाकडे बघत राहिला. "सात वर्षं, प्रत्येक सामन्याआधी मी त्यांना फोन केलाय. तुला सांगितलं नव्हतं त्यांनी? आयोवात धोब्याच्या दुकानात फोन होता, तिथून. टेनेसीत बस पेट्रोल भरायला थांबायची, तिथून. मागे पोरं रांगेत उभी असायची, कुणाची मैत्रीण, कुणाची बायको. मी एवढंच म्हणायचो, आशीर्वाद, पापा. ते म्हणायचे, देव तुझं भलं करो, पोरा, खांदा लवकर उघडू नकोस. आणि फोन ठेवायचे."

एदुविहिसला हे ठाऊक नव्हतं. एवढंच आठवलं, की उन्हाळ्यात संध्याकाळी पापा फोनजवळची खुर्ची कुणाला देत नसत.

"म्हणजे त्याशिवाय तू कधी..."

"एकदाही नाही." तो हसला, पण नेहमीसारखं नाही. "टाकीन गं. हात काही त्यांच्याकडे ठेवलेला नाही. पण बरं नाही वाटणार."

रविवारी चार वाजता पापा तेओ हिरवा शर्ट घालून निघाले. ते येतील की नाही यावर ओक्तावियो आणि आत्या यांच्यात पैज लागली होती. ती आत्या जिंकली. तिसऱ्या बेसच्या बाजूला, जाळीजवळ, त्यांच्या नेहमीच्या बाकांवर सगळे बसले. हिरव्यांच्या गर्दीत ओक्तावियोची एकच निळी टोपी. मागून कुणीतरी विचारलं, "काय राव, रस्ता चुकलात का?" दुसऱ्याने सांगितलं, "नाही, पोराचा मामा आहे तो. राहू दे. घरात एखादं असतंच असं."

बॅटर उभा राहतो त्या होम प्लेटच्या मागे गवती टोपी घातलेला एक गोरा माणूस चेंडूचा वेग मोजायचं यंत्र मांडीवर घेऊन बसला होता. एदुविहिसने त्याच्याकडे एकदाच पाहिलं. पुन्हा पाहण्याचा धीर तिला झाला नाही.

पिदो हात मोकळा करून मैदानात आला तसा बाकांवरून गलका झाला. विकला गेला रे, कॅचरच्या बदल्यात गेला, तेही लंगड्या. दारूच्या बाटलीवर ढोलाचा ताल धरून कुणीतरी त्याचं नाव घेऊन गाणंच रचलं. पिदो ऐकत ऐकत सरळ त्यांच्याच दिशेने चालत आला. जाळीपाशी थांबला. टोपी काढून छातीशी धरली. गलका जरासा थांबला, कारण हे कुणी करत नाही.

"आशीर्वाद, पापा," तो म्हणाला. मोठ्याने, स्पष्ट.

पापा तेओ दगडासारखे बसले होते.

"देव तुझं भलं करो, पोरा," अर्सेनिया आत्याच्या तोंडून निघून गेलं.

आणि मग ते झालं. आत्याच्या शेजारच्या म्हाताऱ्याने म्हटलं, देव तुझं भलं करो, पोरा. मागच्या रांगेतल्या शेंगदाणेवालीने म्हटलं. तिच्या मागे निवृत्त पोस्टमन होता, त्याने म्हटलं. टोपी काढून एक मुलगा आशीर्वाद मागतोय आणि समोर आपण पांढऱ्या केसांचे, एवढंच त्या सगळ्यांना दिसलं, शर्टाचा रंग कुणाच्या ध्यानात आला नाही. रांगेमागून रांग, हिरव्या शर्टातले सगळे आजोबा, आज्या, आत्या, मावश्या एका आवाजात निळ्या पिचरला आशीर्वाद देऊन मोकळे झाले.

मग आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं.

"अरे देवा," शेंगदाणेवाली म्हणाली.

पापा तेओ उठून मागे वळले. "तुम्हाला कुणी विचारलं होतं?" ते गरजले. "नातू माझा आहे."

सगळं बाक हसायला लागलं. पिदोही हसला. पण तो लगेच गेला नाही. टोपी हातात धरून आजोबांकडे बघत अजून थोडा थांबला. पापा तेओ पुन्हा खाली बसले आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी महत्त्वाचं चाललंय असं तिकडे बघू लागले. पिदोने टोपी घातली आणि तो गेला. शंभर माणसांचा आशीर्वाद घेऊन गेला, आणि त्यात हवा तो नव्हता. एदुविहिसला ते त्याच्या चालण्यावरून कळलं.

पहिल्या डावात त्याचे चेंडू भरकटले. दोघांना त्याने फुकटचा बेस दिला, एक रन गेला. हिरवं बाक नाचलं. गवती टोपीवाल्याने वहीत काहीतरी लिहिलं.

"खांदा," पापा तेओ पुटपुटले. "खांदा लवकर उघडतोय. चेंडू हातात असतानाच वळतोय."

"मग सांगा त्याला," एदुविहिस म्हणाली.

"मी कशाला सांगू? मी हिरवा आहे."

दुसऱ्या डावात त्यांनी पुन्हा 'खांदा' म्हटलं, जरा मोठ्याने. तिसऱ्या डावात पिदो चेंडूसाठी त्या बाजूला आला, तेव्हा ते हवेशी बोलावं तसं म्हणाले, "काही काही पिचरांना सात वर्षं सांगावं लागतं, खांदा बंद ठेव म्हणून." पिदोने मान वळवली नाही. पण पुढचा चेंडू असा सुटला की बॅटर बॅट खांद्यावर ठेवून नुसता बघत राहिला.

मग जमलं. निळ्यांनी दोन रन काढले. पिदोने चौथा डाव काढला, पाचवा काढला, सहावा काढला. हिरव्याने चेंडू मारला की पापा तेओ अर्धे उठायचे, आणि तो झेलला गेला की तसेच अर्धे थांबायचे. धड बसलेले नाहीत, धड उभे नाहीत. नोएमी त्यांना दर वेळी हाताला धरून खाली बसवत होती. "कंबर धरेल, पापा. एक काहीतरी ठरवा." ओक्तावियोने निळी टोपी केव्हाच काढून मांडीवर ठेवली होती. शेंगदाणेवालीने त्याला शेंगा दिल्या आणि पैसे घेतले नाहीत, त्यामुळे तो पार विरघळला होता.

सातव्या डावात हिरव्यांनी तिन्ही बेस भरले. दोन बाद. निळे एकाने पुढे. बॅट घेऊन तोरिबियो आला, याच गल्ल्यांतला मुलगा. त्याची आई त्यांच्याच पुढे दोन रांगा सोडून बसली होती. तिने मागे वळून एदुविहिसकडे पाहिलं. एदुविहिसने तिच्याकडे पाहिलं. दोघींनाही हसू आलं, आणि दोघींनाही रडू आलं असतं.

"मघाशी मीसुद्धा दिला गं तुझ्या पोराला," तोरिबियोची आई म्हणाली. "आता भोगते."

एदुविहिसने बापाकडे वळून पाहिलं. पापा तेओंनी डोळे मिटले होते.

"कुणासाठी मागताय, पापा?"

"कुणासाठी नाही. त्याला सांगितलंय, आजचं तू बघ, मला जमत नाही."

पण डोळे मिटून राहणं त्यांना जमलं नाही. पिदोने दोन वेगवान टाकले, दोन्ही तोरिबियोने मागे उडवले. मग एक असा टाकला, की हात पूर्ण जोराने आला आणि चेंडू मात्र रमतगमत आला. तोरिबियोची बॅट आधीच फिरून गेली. चेंडू मागाहून कॅचरच्या हातात पोचला, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा.

तिसरा चुकला, म्हणजे तोरिबियो बाद आणि डाव संपला. सगळं हिरवं बाक गपगार झालं. त्या शांततेत एकच माणूस दोन्ही हात वर करून ताठ उभा होता. पापा तेओ. या वेळी अर्धे नव्हे, पूर्ण. ते खाली बसायला विसरले होते.

"बसा, तेओ," मागून पोस्टमन हळूच म्हणाला. "लोक बघतायत."

"बघू देत," पापा तेओ म्हणाले. "शर्ट हिरवाच आहे माझा."

पिदोचं काम संपलं होतं; उरलेले डाव दुसरा पिचर टाकणार होता. निळ्यांच्या मॅनेजरने मैदानावर येऊन त्याच्याशी हात मिळवला. तेवढ्यात गवती टोपीवाला त्यांच्या बाकांपाशी आला. पिचरच्या घरचे कोण, असं त्याने मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं. ओक्तावियोने पुढे सरसावून एदुविहिसकडे बोट केलं. गोरा माणूस तिला म्हणाला की शेवटचा तो चेंडू त्याने या मुलाकडून आजवर पाहिला नव्हता. फेब्रुवारीत त्याने यावं. आणि टेनेसीत नाही, त्याच्या वरच्या पायरीवर. मग टोपीला हात लावून तो निघून गेला. नोएमीने एदुविहिसला मिठी मारली, आत्याने दोघींना मारली.

पिदो जाळीपाशी आला तेव्हा त्याचा शर्ट घामाने काळा पडला होता. त्याला अजून काही कळलं नव्हतं, आणि आईचा चेहरा बघून विचारायची गरजही पडली नाही. तरी त्याची नजर तिच्यावरून पुढे गेली. त्याने टोपी काढली.

"निघतो, पापा," तो म्हणाला. "आशीर्वाद."

अर्सेनिया आत्याचं तोंड उघडलं होतं. तिने ते हाताने दाबून धरलं. या वेळी मागच्या रांगांतून कुणीच काही बोललं नाही. शेंगदाणेवाली नाही, पोस्टमन नाही, तोरिबियोची आईसुद्धा नाही. सगळे पापा तेओंच्या तोंडाकडे बघत थांबले.

"आता मागून काय उपयोग," पापा तेओ म्हणाले. "सगळा घेऊन तर बसलास."

पिदो टोपी छातीशी धरून उभाच होता.

म्हाताऱ्याने जाळीत बोटं घातली, पलीकडून नातवाची बोटं पकडली, आणि घसा खाकरला. तो एकदा साफ झाला नाही, म्हणून पुन्हा खाकरला.

"देव तुझं भलं करो, पोरा."

मग बोटं सोडवून घेत त्यांनी हाताने त्याला बाजूला सारलं. "आता हो पुढे. मला दिसत नाहीये. अजून दोन डाव आहेत, आणि आम्ही एकानेच मागे आहोत."